सीचा डावा बांध हलवू नका: एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूरजवळच्या गावातला विद्यार्थी, बेळगावला कॉलेज. लॅपटॉपला ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ८ जीबी रॅम, विंडोज ११, आणि सगळी डिस्क एकट्या सी ड्राइव्हला. त्याच लॅपटॉपवर वडील टॅली आणि नुडीत (कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअर) काम करतात, म्हणून विंडोज काढता येत नाही. शेजारी लिनक्स मिंट हवे आहे. सीमध्ये २९० जीबी मोकळे दिसतात, पण विंडोजचे वाटणीचे साधन, डिस्क मॅनेजमेंट, २३ जीबीपेक्षा जास्त सोडायला तयार नाही. शिवाय निपाणीत काकांच्या दुकानात विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आहे, त्याचेही असेच करायचे आहे.

विंडोज ठेवायचा निर्णय बरोबर आहे. नुडीत केलेली जुनी कागदपत्रे युनिकोडमध्ये नसतात; लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर कन्नडच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मराठीतल्या श्रीलिपीच्या जुन्या फायलींचेही तेच. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवायचे म्हटले तर ८ जीबी रॅममध्ये दोघांचाही जीव गुदमरतो. म्हणजे डिस्कची वाटणी आलीच.

या कामाचा तीन चतुर्थांश भाग विंडोजमध्ये बसून करायचा असतो. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये जाईपर्यंत जागा मोकळी, मोजलेली आणि कागदावर लिहिलेली असेल, तर पुढचे काम दहा मिनिटांचे. बहुतेकांचा डेटा जातो तो पेनड्राइव्ह लावून तिथेच विचार करत बसल्यामुळे.

आधी डिस्कचा उतारा वाचा. विंडोज बटण आणि आर दाबून एमएसइन्फो३२ चालवा आणि ‘बायोस मोड’ बघा. तिथे यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या वाटणीची नोंद, जीपीटी प्रकारची आहे, लिगसी (जुनी पद्धत) असेल तर एमबीआर प्रकारची. तुमच्या लॅपटॉपवर यूईएफआयच असणार. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ४७६ जीबी दिसेल. कुणी ३६ जीबी चोरलेले नाहीत, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. हा फरक पुढे इन्स्टॉलरमध्ये पुन्हा भेटणार आहे.

डावीकडून पहिला तुकडा ईएफआय सिस्टम पार्टिशनचा (संगणक इथून बूट होतो), साधारण १०० किंवा २६० एमबी. त्यानंतर १६ एमबीचा एक राखीव तुकडा असतो, तो डिस्क मॅनेजमेंट दाखवतच नाही, लिनक्समध्ये मात्र दिसतो. मग सी. शेवटी रिकव्हरी, पाचशे एमबी ते एक जीबीच्या आसपास. काही लॅपटॉपवर कंपनीचा आणखी एक तुकडा असतो, त्यालाही हात लावायचा नाही.

सीची जागा उजवीकडूनच कापायची. उजवी कड आत घेताना त्या पट्ट्यात जेवढ्या फायली असतील तेवढ्याच हलवाव्या लागतात. डावी कड हलवायची झाली तर पार्टिशनमधला सगळा डेटा सरकवावा लागतो, तास-तास जातात, आणि मध्येच वीज गेली की हातात अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे उरते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात हा धोका पुस्तकी नाही. लॅपटॉप असला तरी बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावूनच बसा.

आता २३ जीबीचे कोडे. विंडोज चालू असताना काही फायली जागच्या हलवता येत नाहीत: हायबरनेशनची हायबरफिल, व्हर्च्युअल मेमरीची पेजफाइल, रिस्टोअर पॉइंट, आणि एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टमची, स्वतःची मास्टर फाइल टेबल. यातली एखादी फाइल डिस्कच्या उजव्या टोकाजवळ बसली असेल तर तिच्या अलीकडची दोनशे जीबी मोकळी असूनही श्रिंक (पार्टिशन लहान करण्याचे काम) तिथेच अडतो. नेमकी कोणती फाइल अडवते ते इव्हेंट व्ह्यूअर सांगतो: श्रिंक करून बघा, मग विंडोज लॉग्जमधल्या ॲप्लिकेशन यादीत डीफ्रॅगच्या नावाची २५९ क्रमांकाची नोंद शोधा. फाइलचे नाव त्यात लिहिलेले असते.

पण त्याआधी दोन गोष्टी. एक, टॅलीचा डेटा फोल्डर, नुडीच्या फायली आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि तिथून दोन-चार फायली उघडून बघा. दोन, सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या लॅपटॉपवर ते गुपचूप चालू असते. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, लॅपटॉपच्याच डेस्कटॉपवर सेव्ह करून काय उपयोग? मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. हे अर्धवट सोडून पुढे गेलेल्यांना पुढच्या बूटला निळा पडदा ही रिकव्हरी की मागतो, आणि ती कुठे आहे ते घरात कुणालाच ठाऊक नसते.

मग श्रिंकची तयारी. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ‘फास्ट स्टार्टअप’ची (शट डाउन केले तरी विंडोजला अर्धवट झोपवून ठेवणारी सोय) खूण काढा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हायबरनेशनही बंद करा, म्हणजे हायबरफिल पुसली जाते. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी या वाटेने सीची पेजफाइल ‘नो पेजिंग फाइल’ करा. सिस्टम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट काढा. डिस्क क्लीनअप करा, रीस्टार्ट करा, सीवर एरर चेकिंग चालवा, आणि मग श्रिंक. पेजफाइल बंद असताना ८ जीबी रॅमवर ब्राउझरच्या वीस टॅब उघडून बसू नका. श्रिंक झाल्याबरोबर पेजफाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन परत चालू करायचे; फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन मात्र कायमचे बंद.

एवढे करूनही २५९ ची नोंद मास्टर फाइल टेबलकडे बोट दाखवत असेल, तर विंडोजमधून मार्ग नाही. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणारे मिंट) जीपार्टेड हे पार्टिशनचे साधन चालवा. विंडोज बंद असल्यामुळे त्याला ती टेबलही हलवता येते. अट एवढीच की विंडोज शिफ्ट धरून पूर्ण शट डाउन केलेले असावे आणि एन्क्रिप्शन संपलेले असावे. पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना डिस्क तपासणी आपोआप सुरू होऊ शकते, ती मध्येच तोडू नका.

किती कापायचे? तुमच्या सीमध्ये साधारण १८५ जीबी भरलेले आहेत. १६० जीबी काढले तर सी ३१५ चा राहतो, त्यात १३० मोकळे. विंडोजला अपडेटसाठी आणि वडिलांना पुढची काही वर्षे ते पुरेल. श्रिंकच्या चौकटीत आकडा एमबीत मागतात: १६० गुणिले १०२४, म्हणजे १६३८४०.

त्या १६० जीबीची वाटणी, सीच्या उजव्या कडेपासून सुरू करून, मी अशी करेन:

सामायिक डी ड्राइव्ह, एनटीएफएस, ४० जीबी
रूट (मिंट स्वतः आणि त्याची ॲप्स), ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम), साधारण ६० जीबी
होम (तुमच्या स्वतःच्या फायली), ईएक्सटी४, साधारण ५९ जीबी
मोकळी पट्टी, १ जीबी
आणि तिच्यापुढे आधीपासूनचा रिकव्हरी.

क्रमाला कारण आहे. डी सीला लागून असला की उद्या तो नकोसा झाल्यास पुसून सी तेवढा वाढवता येतो. विंडोज फक्त उजवीकडच्या लागून असलेल्या जागेतच वाढू शकते. शेवटची एक जीबीची पट्टी काहींना उधळपट्टी वाटेल. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजचा एक सुरक्षा अपडेट कित्येक संगणकांवर केवळ रिकव्हरीचा तुकडा लहान पडला म्हणून फसत होता, आणि मायक्रोसॉफ्टने तो २५० एमबीने वाढवायला सांगितले होते. नेहमीच्या मांडणीत ती वाढ सीमधून कापून घेता येते. आपण मध्ये लिनक्स बसवले की ती वाट बंद. म्हणून शेजारी थोडी पडीक जागा.

रूटला ६० कशाला, वीसमध्ये भागते असे कुणीतरी सांगेल. कोऱ्या मिंटला भागते हो. पण फ्लॅटपॅकमधून घेतलेले प्रत्येक ॲप, डॉकरच्या इमेजेस, टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (प्रणाली मागच्या स्थितीत नेण्यासाठीच्या प्रती) हे सगळे ठरीव मांडणीत रूटमध्येच साठते. रूट भरला की अपडेट अर्ध्यावर अडकते, कधी लॉगिनचा पडदाही पुढे सरकत नाही. आणि रूट नंतर वाढवायचा तर होमचा डावा बांध सरकवावा लागेल, म्हणजे वर सांगितलेलेच संकट. शिवाय ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे लिनक्सच्या ॲडमिनिस्ट्रेटरसाठी, राखून ठेवते. रूट पार्टिशनवर ती असू द्या. होमवर ५९ जीबीमागे जवळजवळ तीन जीबी फुकट जातात, तिथे ट्यून२एफएस या कमांडने एक टक्का करून घेता येते.

स्वॅपचे (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळे पार्टिशन करू नका. इन्स्टॉलर रूटमध्ये स्वॅप फाइल करतो आणि ती पुढे हवी तेवढी वाढवता येते. ‘रॅमच्या दुप्पट स्वॅप’ हा नियम ५१२ एमबी रॅमच्या काळातला. हायबरनेट करायचे असेल तर रॅमएवढा स्वॅप लागतो हे खरे, पण ड्युअल बूटमध्ये हायबरनेट मुळात नको. एक प्रणाली झोपवून दुसरीतून तोच डी ड्राइव्ह उघडला की झोपलेली जागी झाल्यावर आपल्या जुन्या आठवणीवर लिहायला लागते, आणि फाइल सिस्टमचा चुराडा होतो.

डी एनटीएफएसच का? एक्सफॅट दोन्हीकडे चालते, पण तिला जर्नल (अर्धवट राहिलेले लिहिणे सावरायला ठेवलेली नोंद) नाही. लिहिताना संगणक बंद पडला तर सावरणे कठीण. लिनक्स कर्नलमध्ये ५.१५ पासून एनटीएफएस लिहिता-वाचता येणारा ड्रायव्हर आहे, आणि जुना एनटीएफएस-३जीही मिंटमध्ये असतो. वडिलांचा टॅलीचा डेटा मात्र सीवरच राहू द्या, आणि लिनक्समधून सीवर काही लिहू नका. देवाणघेवाण डीवर. डी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येच बनवा, ४०९६० एमबी. उरलेले १२० जीबी काळ्या पट्टीत ‘अनॲलोकेटेड’ दिसत राहू द्या. तिथे विंडोजला नवे व्हॉल्यूम बनवू देऊ नका.

नावांबद्दल एक गंमत. ईएक्सटी४ चे लेबल जास्तीत जास्त १६ बाइटचे, आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षर किंवा मात्रा तीन बाइट खाते. म्हणजे पाचच चिन्हे. ‘डेटा’ बसते, ‘माझा डेटा’ बसत नाही. एनटीएफएसला ३२ चिन्हे चालतात, तिथे खुशाल मराठीत लिहा.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. आयएसओ (मिंटची इन्स्टॉलेशन फाइल) मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवली असेल तर चेकसम (फाइल नीट उतरली का ते पडताळणारा आकडा) जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्धवट उतरलेली फाइल कधीकधी बूटही होते आणि ऐन कॉपी करताना मरते. आणि आयएसओ ताजीच घ्या. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या शिमचे (लिनक्सला सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) पेनड्राइव्ह सिक्युअर बूटमध्ये (फक्त सही असलेलेच सुरू होऊ देणारी सोय) ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून अडू लागले. ताज्या मिंटसाठी सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

लाइव्ह मिंट सुरू झाले की आधी जीपार्टेडमध्ये एसएसडी दिसते का बघा. नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज ‘आरएसटी’, ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ या मोडवर असण्याचा संभव आहे. ते सरळ ‘एएचसीआय’ या साध्या मोडवर नेले तर विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून कोसळते. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटमधली ‘सेफ बूट’ची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोजला सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालली नाही तर खात्याचा पासवर्ड लागेल. तो वडिलांना आधीच विचारून ठेवा.

इन्स्टॉलरमध्ये कीबोर्ड ‘इंग्लिश यूएस’च ठेवा. मराठी किंवा कन्नड इथेच निवडले तर पासवर्ड नेमका कोणत्या अक्षरांत पडला ते कळत नाही आणि लॉगिनला दारात अडता. नंतर सेटिंग्जमधून दोन्ही जोडता येतात. इनस्क्रिप्ट तर आहेच, पण नुडी बनवणाऱ्या कन्नड गणक परिषदेचा कगप कीबोर्ड लिनक्समध्ये कन्नडसाठी आहे आणि मराठीसाठीही. नुडीची सवय असलेल्या हाताला मराठी त्याच्यावर पटकन जमते.

इन्स्टॉलेशन टाइपच्या पानावर ‘समथिंग एल्स’ घ्या. ‘इरेज डिस्क’ म्हणजे पूर्ण डिस्क, सीसकट. ते फक्त मोकळी जागा घेईल अशी समजूत करून घेऊ नका. यादीत तुमची १२० जीबी जागा १,२८,८४९ एमबीच्या आसपास दिसेल, कारण हा इन्स्टॉलर हजाराच्या पटीत मोजतो. घाबरू नका. त्या मोकळ्या ओळीवर अधिकचे चिन्ह दाबून ६४००० एमबी, ईएक्सटी४, माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ (हाच रूट). पुन्हा मोकळ्या ओळीवर ६३७००, ईएक्सटी४, माउंट पॉइंट होम. उरलेले अकराशे-साडेअकराशे एमबी तसेच.

आधीचे ईएफआय पार्टिशन यादीत ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ म्हणून वापरात दिसायला हवे, आणि त्याच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण नको. नवे बनवायची गरज नाही. ग्रबला (मिंटचा बूटलोडर, सुरुवातीला कोणती प्रणाली हवी ते विचारणारा) त्यात काही एमबीच लागतात, १०० एमबीत विंडोज आणि मिंट सुखाने राहतात. पॉप ओएससारखी वितरणे कर्नलच तिथे ठेवतात, त्यांना ते पुरत नाही, पण तुमचा तो प्रश्न नाही. चुकून फॉरमॅट झालेच तर विंडोज गेले असे नव्हे, फक्त त्याचे दार गेले. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधून बीसीडीबूट चालवून ते परत बसवता येते.

बूटलोडरसाठी खालच्या यादीत अख्खी एसएसडी निवडा, एनव्हीएमई०एन१ अशा नावाची. एसडीए हा तुमचा पेनड्राइव्ह असणार. लॅपटॉपला दुसरी डिस्क किंवा बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर या इन्स्टॉलरची एक जुनी खोड आहे: तुम्ही काहीही निवडा, तो पहिल्या डिस्कवरच्या ईएफआयमध्ये ग्रब टाकतो. बॅकअपची डिस्क काढूनच बसा.

‘इन्स्टॉल नाऊ’ दाबेपर्यंत नव्या पार्टिशनांपैकी काहीही डिस्कवर लिहिलेले नसते. अपवाद एकच: इथे एखाद्या जुन्या पार्टिशनचा आकार बदलला तर ते लगेच लिहिले जाते. म्हणून तर श्रिंक विंडोजमध्ये उरकायचा. दाबल्यावर येणाऱ्या पाटीत फॉरमॅट होणारी पार्टिशने दोनच असायला हवीत, दोन्ही ईएक्सटी४. तिसरे नाव दिसले की मागे या.

झाल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसेल. आपल्याकडे कर्नाटकात आरटीसी म्हटले की शेताचा उतारा आठवतो. इथली आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचे घड्याळ. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचते. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडला लोकल आरटीसी वापरायला सांगितले की भांडण मिटते. सोडून देऊ नका, रात्री उशिरा केलेल्या टॅलीच्या कामावर नाहीतर भलतीच वेळ पडेल.

डी मिंटमध्ये फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही, असे कधी झाले तर विंडोजच्या मोठ्या अपडेटने फास्ट स्टार्टअप परत चालू केले आहे का ते आधी बघा. ग्रबच्या यादीत विंडोज दिसत नसेल तर ग्रबच्या सेटिंगमध्ये ओएस-प्रोबर (इतर प्रणाली शोधणारे साधन) बंद आहे, ते चालू करून अपडेट-ग्रब चालवा. पण या लॅपटॉपवर वडील रोज बसणार असतील तर बायोसच्या बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजरच पहिला ठेवा आणि तुम्ही एफ १२ दाबून मिंटमध्ये जा. काही कंपन्यांत ती कळ एफ ९ किंवा एस्केप असते. नंतर एन्क्रिप्शन परत चालू केले तरीही हीच वाट बरी, कारण ग्रबमधून विंडोजमध्ये गेल्यास ते पुन्हा ४८ अंक मागू शकते. पुढे मिंट काढायचे ठरवलेत तर बूट क्रम आधीच असा असल्यामुळे पार्टिशने पुसल्यावर ग्रबच्या काळ्या पडद्यात अडकायची वेळ येत नाही.

आता निपाणीचा डेस्कटॉप. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा लिनक्सचा विचार योग्यच. तिथे बहुधा लिगसी आणि एमबीआर सापडेल, आणि सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, डी, ई अशी चार प्रायमरी पार्टिशने. एमबीआरला चारच्या वर प्रायमरी होत नाहीत, म्हणून कितीही जागा कापली तरी इन्स्टॉलर ती ‘अनयुजेबल’ दाखवेल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवे बनवायला गेलात तर ते डिस्क ‘डायनॅमिक’ करू का विचारते. नाही म्हणा, तशी डिस्क लिनक्सच्या इन्स्टॉलरला नीट हाताळता येत नाही. ईमधला डेटा बाहेर काढा, ई पुसा, आणि त्या जागेत इन्स्टॉलरमधून रूट आणि होम दोन्ही ‘लॉजिकल’ म्हणून बनवा. त्यांचे क्रमांक पाचपासून सुरू होतील. पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दोनदा दिसेल. ज्याच्या आधी यूईएफआय लिहिले आहे तो घेऊ नका, नाहीतर लिनक्स एका पद्धतीने आणि विंडोज दुसऱ्या पद्धतीने बसेल आणि ग्रबला विंडोज सुरू करता येणार नाही.

डेस्कटॉपला बॅटरी नसते. यूपीएस नसेल आणि घरगुती इन्व्हर्टरवर काम करायचे असेल तर त्याच्या पाठीमागचे बटण ‘यूपीएस’कडे करा, साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर वीज बदलायला लागणारा क्षणही संगणक रीस्टार्ट व्हायला पुरतो. आणि कशालाही हात लावण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोने त्या जुन्या फिरत्या डिस्कची तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर शून्याव्यतिरिक्त आकडा असेल तर पार्टिशनचा आकार बदलू नका, फक्त डेटा बाहेर काढा. अशा मशीनला २५६ जीबीची वेगळी साटा एसएसडी घेऊन लिनक्स तिच्यावर टाका. जुन्या डिस्कची केबल इन्स्टॉल होईपर्यंत काढून ठेवली की चुकीची डिस्क निवडायची सोयच राहत नाही.